शेणखतानं जमिनीचा पोत बदलत नाही

सांगलीत वाळवा-पलूसकडच्या काळ्या रानात एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: शेणखत टाका, वर ट्रॉलीभर वाळू ओता, पोत बदलून भारी जमीन हलकी होते. शेणखत जरूर टाका. पोत मात्र त्यानं बदलत नाही.

पोत ठरतो वाळू, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाडे कण) आणि चिकणमाती यांच्या प्रमाणावर. वाळूचा कण 2 मिलिमीटरपर्यंत जाडा, चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरहून बारीक. वरच्या 15 सेंटिमीटरच्या थरातच एकरी साधारण 900 टन माती असते. तिथं ट्रॉलीभर वाळू म्हणजे दर्यामे खसखस.

मग रान भुसभुशीत होतं ते कशानं? घडण, म्हणजे कणांची एकमेकांशी जुळणी, सुधारते म्हणून. सेंद्रिय पदार्थानं कण एकमेकांना धरतात, रवाळ ढेकळं होतात, मधल्या पोकळीतून पाणी निचरतं, वाफसा (मशागतीजोगा ओलावा) लवकर येतो. चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनीत जिप्समही घडणच सुधारतं. सोडियमच्या जागी कॅल्शियम बसतं, चिकणमाती तेवढीच राहते.

खात्री करायचीय? काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत. चिकणमातीनं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसेल. निवळल्यावर थर पट्टीनं मोजा, त्यावरून तिन्हींचं प्रमाण, म्हणजे पोत, कळतो.

मुरमाड रानात तलावाचा गाळ भरतात, तिथं वरच्या थराचा पोत खरंच बदलतो. पण त्याला ट्रॉल्यांची रांग लागते, आणि डिझेलचा हिशोब आधी मांडलेला बरा.