खायचा वास, ओढायचा वास

‘ग्रेप’ इसेन्सची बाटली नाशिककराने एकदा उघडून हुंगावी. पिंपळगाव-दिंडोरीच्या थॉमसन द्राक्षाशी त्या वासाचं काडीचंही नातं नाही. तो वास मिथाइल अँथ्रानिलेटचा, म्हणजे अमेरिकेतल्या काँकर्ड जातीच्या काळ्या द्राक्षाचा. गंमत अशी की हेच रसायन तिकडे पाखरं पळवायला बागांवर फवारतात. गोळीत किंवा सरबतात थेंबभर पडलं तर माणसाला काही होत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण हल्ली या बाटल्यांना वेगळंच गिऱ्हाईक आहे.

केकचं सामान मिळतं त्या दुकानात परवा एक कॉलेजचा मुलगा विचारत होता, “काका, यात तेल असतं का?” दुकानदाराने विचारलं, “केकलाच ना?” मुलगा नुसताच हसला. काकांनी लेबलवर बोट ठेवलं, “फूड ग्रेड आहे, बिनधास्त ने.” काका खोटं बोलले नाहीत. फक्त मुलाला ते व्हेपमध्ये, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटमध्ये, घालायचं होतं, आणि लेबल बोलत होतं पोटाबद्दल.

खाल्लेला पदार्थ आधी पोटातल्या आम्लातून जातो, आतड्यातून रक्तात उतरतो आणि सगळ्यात आधी यकृताकडे पोचतो. नको ते मोडून टाकणं हे यकृताचं रोजचं काम. ओढलेल्या वाफेला ही जकात लागत नाही. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांचा पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याच्या पलीकडे लगेच रक्त. खाद्य स्वादांच्या चाचण्या खाण्यासाठीच्या असतात. स्वाद बनवणाऱ्या कंपन्यांच्या अमेरिकी संघटनेनेच सांगून ठेवलंय की आमचा ‘सुरक्षित’ हा शिक्का ई-सिगारेटला लागू नाही.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण डायअसेटिलचं. लोण्याचा जो खमंग वास येतो, त्यात याचा मोठा वाटा. नाशिकच्या वाइनरीत कुणी शार्डोनेला ‘बटरी’ म्हणालं तर तेही याचंच कौतुक, कारण मुरताना जिवाणू वाइनमध्ये ते तयार करतात. खाण्यापिण्यात ते निरुपद्रवी. पण 2000 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावी, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना एकच दुर्मीळ आजार झाल्याचं लक्षात आलं. फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनलिका व्रण पडून कायमच्या अरुंद होतात, असा हा आजार. तपास झाला तेव्हा बोट गेलं ते गरम तेलात लोण्याचा स्वाद मिसळायच्या टाकीकडे. तेच पॉपकॉर्न देशभर लोक मजेत खात होते. टाकीजवळ उभं राहून त्याची वाफ ओढणाऱ्यांच्या वाट्याला हा आजार आला. पुढे काहींनी डायअसेटिलऐवजी त्याचा सख्खा भाऊ, 2,3-पेंटेनडायोन वापरायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत तोही तितकाच खोडसाळ निघाला. हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये 51 स्वादांच्या ई-सिगारेटी तपासल्या, तर 39 मध्ये डायअसेटिल होतं.

आता कुणी म्हणेल, सिगारेटच्या धुरातही डायअसेटिल असतंच की. असतं, आणि भरपूर असतं. पण सिगारेटशी तुलना करून कुठली गोष्ट आरोग्यदायी ठरायला लागली तर कठीण आहे.

तेलाबद्दल त्या मुलाने विचारलं ते बरोबरच होतं. तेल पोटात पचतं, फुफ्फुसात नाही. तिथल्या पेशी ते थेंब गिळत बसतात आणि आतून न्यूमोनियासारखी सूज येते. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढणारी तरुण मंडळी धडाधड दवाखान्यात भरती होऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण आणि 68 मृत्यू. मुख्य संशय गेला व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. हे तेलकट द्रव्य बहुतेक करून गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपच्या काडतुसांत (कार्ट्रिजमध्ये) भेसळ म्हणून घातलेलं होतं. हेच आपण कॅप्सूलमधून गिळतो, त्वचेला चोपडतो, आणि काही होत नाही.

पण तेल नसलं म्हणजे झालं, असंही नाही. दालचिनीचा सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या बारीक केसांची हालचाल मंदावतो. कफ बाहेर ढकलणारे केस तेच. साखर आणि सुक्रालोज (साखरेऐवजी वापरायचं कृत्रिम गोड द्रव्य) व्हेपमधल्या तापलेल्या तारेवर जळतात आणि भलतीच रसायनं सोडतात. तार 200 अंशांच्या वर जाते, तेव्हा स्वाद ज्यांत मिसळतात त्या ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रवांपासूनही थोडं फॉर्मल्डिहाइड बनतं. त्याहून मला नवल वाटलं ते 2018 च्या एका शोधाचं: व्हॅनिला, दालचिनी, बदाम यांचे स्वाद प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळून नुसते ठेवले तरी आपसात जुळून नवीन संयुगं तयार करतात, आणि ती श्वासमार्गाला जास्त झोंबतात. तापवायचीही गरज नाही. मिश्रण ‘मुरायला’ ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. बाटलीवर जे लिहिलंय ते आठवड्याने बाटलीत तसंच असेल याची खात्री नाही.

ग्लिसरीन तरी शुद्ध, असं वाटत असेल तर 1986 चं मुंबईचं जेजे रुग्णालय आठवा. तिथे ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि 14 रुग्ण गेले. लेंटिन चौकशी आयोग बसला तो याच प्रकरणी. तेही औषध म्हणून आलेलं ग्लिसरीन होतं. किराणा दुकानातल्या सुट्या बाटलीबद्दल काय बोलावं?

तेव्हा ‘यातला कुठला स्वाद सुरक्षित?’ या प्रश्नाला आज सरळ उत्तर नाही. कुठले जास्त वाईट ते सांगता येतं: तेलकट, लोण्याचे, दालचिनीचे, गोड. उरलेल्यांना मी सुरक्षित म्हणणार नाही, कारण तापवून वर्षानुवर्षं ओढले तर काय होतं ते कुणी तपासलेलंच नाही. कायद्याचं म्हणाल तर 2019 पासून देशात ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं गुन्हा आहे. निकोटीन असो वा नसो. बनवताना पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

या सवयीतून सुटायचं असेल तर 1800-112-356 या सरकारी हेल्पलाइनवर फुकट मदत मिळते. आणि ओढणाऱ्याला धाप, छातीत दुखणं, ताप, उलट्या असं काही सुरू झालं तर दवाखान्यात जाताना ती बाटली बरोबर न्यावी. एक्स-रे न्यूमोनियासारखाच दिसू शकतो. घरच्यांच्या भीतीने पोरगं गप्प बसलं, तर डॉक्टर प्रतिजैविकं देत बसतील आणि मधले दिवस वाया जातील.