घरगुती ग्लुकोमीटरची अचूकता

बोटाच्या थेंबावरून घरच्या घरी काढलेला रक्तशर्करेचा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या किती जवळ आहे, यावरून ग्लुकोमीटरची अचूकता ठरते. आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार खरी शर्करा १०० मिग्रॅ/डेलि (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून अधिक असेल, तर १०० पैकी किमान ९५ तपासण्या १५ टक्के वरखाली या मर्यादेत याव्या लागतात. १०० च्या खाली मर्यादा १५ मिग्रॅ वरखाली अशी आहे. म्हणजे खरी शर्करा १८० असेल तर चांगले मशीनही १५३ ते २०७ मधला कोणताही आकडा दाखवू शकते. लागोपाठ १६८ आणि १८४ आले म्हणून मशीन बिघडले असे होत नाही.

हीच सूट कमी शर्करेला धोक्याची ठरते. खरी ७० असताना ८५ दिसू शकते. घाम, थरथर, एकदम भूक अशी लक्षणे असतील आणि मशीन ८० दाखवत असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा. १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

अचूकतेचा खरा भार मशीनपेक्षा, थेंब ज्या चाचणी-पट्टीला लावतात तिच्यावर असतो. पट्टीच्या टोकाला केसासारखी बारीक नळी असते. ती थेंब स्वतः ओढून घेते. आतले ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजशी क्रिया करते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि मशीन तो मोजते. बहुतेक पट्ट्यांना ०.३ ते १ मायक्रोलिटर रक्त पुरते. पट्टीवरची रक्त दिसणारी खिडकी अर्धीच भरली तर वरून दुसरा थेंब घालू नये, नवी पट्टी घ्यावी.

घरातली सर्वांत मोठी चूक बोटावर असते. नागपुरात संत्र्याच्या हंगामात हे फार दिसते. संत्रे सोलून झाल्यावर रस बोटांवर सुकतो, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, आणि थेंब त्या रसात मिसळून शर्करा एकदम वाढलेली दिसते. स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर पुरती निघत नाही. साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत, कारण ओलसर बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. पाणी मिळत नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा वापरावा. सुई बोटाच्या कडेला टोचावी. थेंब येत नाही म्हणून बोट पिळले की ऊतींतला द्रव रक्तात मिसळतो. त्यापेक्षा हात खाली सोडून तळव्याकडून बोटाकडे हळूवार चोळावे.

दुसरा शत्रू ऊन आणि ओल. बहुतेक पट्ट्या ३० अंश सेल्सिअसपर्यंत ठेवायच्या असतात. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा स्कूटरच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत राहिलेली पट्ट्यांची डबी वापरण्याजोगी राहिली असे मानू नये. घरातही प्रश्न सुटत नाही, कारण खसच्या टट्ट्यांचा कूलर खोली गार करताना हवा ओली करतो आणि विकराला ओल बाधते. डबीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो. म्हणून पट्टी काढताच झाकण ‘टक’ वाजेपर्यंत दाबावे. डबी कूलरच्या झोतापासून आणि माठापासून दूर, आतल्या खोलीच्या कोरड्या कपाटात ठेवावी. इन्सुलिनबरोबर फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय सोडावी. गार डबी उघडताच पट्ट्यांवर दव धरते. उघडल्याची तारीख पेनने डबीवर लिहावी. त्यानंतरची मुदत सहसा ३ ते ६ महिने असते, नेमकी वेष्टनावर छापलेली असते. तापलेल्या मशीनने तापमानाची खूण दाखवली तर ते गार खोलीत २०-३० मिनिटे ठेवून मगच तपासावे.

रुग्णाच्या रक्ताचाही आकड्यावर परिणाम होतो. तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, कमी असेल तर बहुतेक मशीनवर शर्करा खोटी जास्त दिसते. जास्त असेल तर खोटी कमी. विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि रक्तक्षय तर घरोघरी आहे, त्यामुळे इथे हा मुद्दा मागे टाकता येत नाही. खोट्या जास्त आकड्यावर इन्सुलिन वाढवले की शर्करा धोक्याइतकी उतरू शकते. सिकलसेलमध्ये एचबीए१सी या तीन महिन्यांच्या सरासरीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पट्टीच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची मर्यादा दिलेली असते, ती डॉक्टरांना दाखवावी. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस काही पट्ट्यांवर आकडा फसवतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये आयकोडेक्स्ट्रिन असलेले द्रावण वापरत असतील तर काही विशिष्ट पट्ट्या शर्करा फार जास्त दाखवतात; अशा रुग्णाने डायलिसिस केंद्रात विचारल्याशिवाय पट्टी घेऊ नये.

प्रयोगशाळेशी तुलना उपाशीपोटीच करावी. जेवणानंतर बोटाच्या रक्तातली शर्करा शिरेतल्यापेक्षा २०-३० मिग्रॅने, कधी त्याहूनही जास्त असते, आणि तो दोष मशीनचा नसतो. शिरेतले रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत बोट टोचावे. प्रयोगशाळेत १२० आणि मशीनवर १३४ आले तर फरक १४, म्हणजे सुमारे १२ टक्के. तो मर्यादेत आहे. मात्र प्रयोगशाळेचा नमुनाही चुकू शकतो. नळीतल्या पेशी ग्लुकोज खात राहतात आणि साध्या नळीत ते तासाला ५ ते ७ टक्के घटते, उन्हात आणखी वेगाने. फ्लोराइडची करड्या टोपणाची नळीसुद्धा ही घट लगेच थांबवत नाही. घरून घेतलेला नमुना दुपारी दोन तास पिशवीत फिरला असेल, तर त्या आकड्यावरून मशीनला दोष देण्याआधी नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता तपासला हे विचारावे.

मशीन आणि पट्टी यांची जोडी तपासायला कंट्रोल द्रावण, म्हणजे ठरावीक ग्लुकोज असलेले द्रावण, असते. बाटली हलवून पहिला थेंब टाकून द्यावा, दुसरा पट्टीला लावावा आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का ते पाहावे. नवी डबी उघडल्यावर, मशीन पडल्यावर किंवा डबी उन्हात राहिल्याची शंका आल्यावर हे करावे. उघडलेले द्रावण सहसा तीन महिनेच चालते. आकडा सलग दोनदा बाहेर गेला तर ती डबी बाजूला ठेवून नव्या डबीतल्या पट्टीवर पाहावे. तरीही बाहेरच आला तर मशीन बदलावे.