हार्ट अटॅक आला की लशीवर बोट

बेळगाव-खानापूरकडं चाळिशीच्या आतलं कुणी अचानक गेलं, की तिरडी बांधायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "कोरोनाच्या लशीनंच केलं बघ!" 2025 मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हार्ट अटॅकनं झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि या बोलण्याला जोर चढला. पण कर्नाटक सरकारच्या तज्ज्ञ समितीला लशीचा संबंध आढळला नाही. पूर्वी होऊन गेलेल्या कोरोनाचाही नाही. बीपी, शुगर, विडी-सिगारेट मात्र ठळक दिसली.

आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंची पाहणी केली, तेव्हा दोन डोस घेतलेल्यांत धोका उलट कमी निघाला. जास्त निघाला तो कोरोनानं दवाखान्यात दाखल झालेल्यांत, आणि बेसुमार दारू पिणाऱ्यांत.

कोरोनाचा विषाणू हृदयाला इजा करतो ती मुख्यतः आजाराच्या ऐन काळात. अंगभर दाह होतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, गुठळ्या धरतात. धमनीत आधीच चरबी साचली असेल तर तो थर फुटून वाट बंद होते. कधी हृदयाचा स्नायूच सुजतो. लशींचे दुष्परिणाम आहेतच, झाकायचं कारण नाही; कोविशील्ड या लशीनंतर क्वचित गुठळ्या झाल्या. पण त्या पहिल्या काही आठवड्यांत, चार वर्षांनी नव्हे.

छातीत दाबून घाम सुटला तर सोडा पीत "गॅस असंल" म्हणत बसू नका. आधी ईसीजी काढा.