अलॉय व्हील घरी रंगवताय? कॅन उघडायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आमच्याकडून रंग, पुट्टी, पॉलिश पेपर घेऊन गेलेले काही जण दोन-तीन महिन्यांनी परत येतात, सांगतात की रंगाचे पोपडे निघाले, आणि जरा खोदून विचारलं की कळतं रंगात काही खोट नव्हती, खालचं काम घाईत उरकलेलं. रंग मारायला अर्धा तास लागतो, तयारीला अख्खा दिवस जातो, आणि टिकतं ते त्या दिवसाच्या जोरावर, म्हणून हे पत्रक सामानासोबत देतोय.

आधी व्हील नीट बघून घ्या. फुटपाथला घासून पडलेले चरे, छोटे टवके, क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली अळी सरपटत गेल्यासारख्या पांढऱ्या रेषा, एवढं घरी होतं. पण तडा गेला असेल, रिमची कड वाकली असेल किंवा त्या चाकातली हवा सारखी कमी होत असेल तर कृपा करून ते रंगवू नका. पुट्टीने तडा फक्त झाकला जातो, ताकद परत येत नाही, आणि त्या चाकावर तुमच्या घरची माणसं बसलेली असतात. डायमंड कट व्हील असेल, म्हणजे चकचकीत भागावर जवळून बघितलं की बारीक गोल रेघा दिसतात तसं, तर तो फिनिश लेथवरच, म्हणजे चाक फिरवून कापणाऱ्या मशीनवरच, निघतो, हाताने पेपर मारून परत येत नाही, त्यामुळे अख्खं व्हील एका रंगात करायचं ठरवलं असेल तरच हात घाला.

चाक काढताना गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, आणि काम दोन दिवस चालणार असेल तर गाडी नुसत्या जॅकवर सोडू नका, स्टँड लावा.

मग धुणं. ब्रेकमधून उडणाऱ्या काळ्या भुकटीत लोखंडाचे कण असतात आणि ते गरम असताना कोटमध्ये रुतून बसतात, ती भुकटी साबणाच्या एका हातात जात नाही, खाचाखोचांत टूथब्रश घालून काढा. लोखंडी तारेचा ब्रश मात्र नको, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये अडकतात आणि नंतर तिथूनच खराबी सुरू होते. वाळल्यावर डीग्रीजरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, पुसा, आणि हे पेपर मारायच्या आधी करा, नाहीतर तेलकटपणा घासून आत जातो.

चऱ्यांवर आधी १२० किंवा १८० नंबरचा पेपर, वर आलेली धार सपाट होईपर्यंत, मग २४०, मग ४००. जुना रंग जिथे संपतो तिथे डोळे मिटून नख फिरवा, नख अडखळलं तर अजून घासायचंय, कारण तीच पायरी नव्या रंगातून वर दिसते. पांढऱ्या रेषा असतील तर रेषा संपते त्याच्याही बोटभर पुढे जा. ओलावा तुटलेल्या कोटमधून आत शिरून धातू खालून खात जातो, त्यातलं थोडं जरी मागे राहिलं तरी नव्या रंगाखाली परत सुरू होतं.

खोल चऱ्यांना पुट्टी, ॲल्युमिनियमवर चालणारीच, आणि एकदम थापू नका, पातळ थर द्या, वाळू द्या, घासा, परत द्या. आमची एक सवय सांगतो, पुट्टी घासून झाल्यावर तिच्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारा आणि परत पेपर फिरवा, जिथे काळं राहतं तिथे खड्डा आहे, डोळ्याला दिसत नव्हता तो लगेच सापडतो.

उघड्या ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही. हवा लागली की त्याच्यावर लगेच ऑक्साइडचा थर चढायला लागतो, म्हणून घासलं त्याच दिवशी प्रायमर मारा, आणि पुट्टी भरलेली असेल तर ॲसिडवाला एच (etch) प्रायमर न घेता एपॉक्सी प्रायमर घ्या.

टायर झाकायला पत्त्यांचा जुना कॅट काढा, एकेक पत्ता रिम आणि टायरच्या फटीत गोल खोचत जा, टेपपेक्षा कड साफ येते. व्हॉल्व्हला टेप लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाकाचा जो मागचा भाग हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकतो तो आणि नट बसतात त्या खळग्या, दोन्ही झाकायच्याच. आम्ही सुरुवातीला आमच्याच गाडीचं एक चाक मागून-पुढून सगळं रंगवलं होतं, आठवड्याभरात नट सैल झालेले सापडले. तिथला रंग दाबाखाली चेपतो आणि नटाची पकड कमी होते, तेव्हापासून त्या जागा आम्ही सगळ्यात आधी झाकतो.

कॅन दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटीमीटरवरून, हात चालता ठेवून मारा. पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसला पाहिजे, त्याच्यावर दोन-तीन हात, मधे साधारण दहा मिनिटं, कॅनवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. एका हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. दमट किंवा पावसाळी हवेत मारू नका, क्लिअर कोट दुधाळ होतो. जागा मोकळी हवी, आसपास आग नको, आणि तोंडाला फडकं बांधून वाफ अडत नाही, कार्ट्रिजवाला मास्क लावा.

निदान २४ तास वाळू द्या, पुढचा आठवडाभर प्रेशरने धुवू नका, केमिकल क्लीनरही लांबच ठेवा. चाक बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, शेवटचा दाब टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. रिमला बॅलन्ससाठी चिकटवलेलं वजन काढलं असेल तर बॅलन्सिंग करून घ्या, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट परत एकदा तपासा.