गळतीतून शिरलेला ऑक्सिजन

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी एथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली सुमारे १७० अंश सेल्सिअसला तापवून शनिवार-रविवारभर तसेच ठेवले. सोमवारी पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ, म्हणजे पॉलिथिलीन हे प्लास्टिक, आढळला, तोही अर्ध्या ग्रॅमहून कमी. प्रयोग पुन्हा करताना कधी काहीच मिळेना, तर कधी स्फोट होई. अखेर काम थांबवावे लागले. डिसेंबर १९३५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा उपकरणाला गळती लागली, दाब टिकवण्यासाठी आणखी एथिलीन भरावे लागले आणि यावेळी सुमारे ८ ग्रॅम पॉलिथिलीन हाती आले. नव्याने भरलेल्या वायूत अत्यल्प ऑक्सिजन होता आणि खरा आरंभक, म्हणजे एथिलीनचे रेणू साखळीत जोडण्याची क्रिया सुरू करणारा पदार्थ, तोच होता.

गंमत अशी की, आज सर्रास वापरले जाणारे आरंभक तेव्हाही जुनेच होते. बेंझॉइल पेरॉक्साइड बेंजामिन ब्रॉडी यांनी १८५८ साली तयार केले होते आणि एआयबीएन हे अ‍ॅझो संयुग १८९६ पासून ठाऊक होते. उणीव होती ती मुक्त मूलकांवरील, म्हणजे आरंभक फुटल्यावर तयार होणाऱ्या, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील कणांवरील विश्वासाची. १९०० साली मोझेस गोम्बर्ग यांनी मिशिगन विद्यापीठात ट्रायफिनाइलमिथाइल हा मूलक दाखवून दिला, तरी तो अपवाद मानला गेला. पुढे १९२९ मध्ये फ्रिट्झ पानेथ यांनी काचेच्या नळीतून टेट्रामिथाइल लेडची वाफ सोडून ती तापवली, तेव्हा आतल्या बाजूला शिशाचा आरसा जमला. मग नळी वाफ येते त्या बाजूला थोडी आधीच तापवली, तर तिथे नवा आरसा जमला आणि जुना विरून गेला. तो खाऊन टाकणारे क्षणजीवी मिथाइल मूलकच होते.

पेरॉक्साइडमधील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध इतका दुबळा असतो की, बेंझॉइल पेरॉक्साइडचा निम्मा साठा सुमारे ७३ अंशांना १० तासांत विघटित होतो. एआयबीएनला त्यासाठी ६५ अंश पुरतात. त्यातून नायट्रोजन निसटतो आणि दोन मूलक मागे उरतात. काही पेरॉक्साइडे तर याहून कितीतरी कमी तापमानाला फुटतात, म्हणून ती शीतगृहातच ठेवावी लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पुरात टेक्सासमधील क्रॉस्बी येथील कारखान्याची वीज गेली, शीतकरण बंद पडले, साठवलेली पेरॉक्साइडे आपोआप पेटली आणि त्याआधीच आसपासची वस्ती रिकामी करावी लागली होती.