टीए आणि आरए : उतरत्या विमानाला मिळणारे दोन इशारे

दोन विमाने हवेत धोकादायकरीत्या जवळ आल्याची बातमी आली की ‘विमानातील यंत्रणेने इशारा दिला आणि वैमानिकाने टक्कर टाळली’ अशा धर्तीचे वाक्य त्यात हमखास असते. इशारा कोणता होता, हे मात्र त्यातून कळत नाही. टीकॅस ही टक्करविरोधी यंत्रणा वैमानिकाला दोन प्रकारचे इशारे देते : ट्रॅफिक अ‍ॅडव्हायजरी म्हणजे टीए आणि रेझोल्यूशन अ‍ॅडव्हायजरी म्हणजे आरए. दोन्ही एकाच यंत्रातून येतात, परंतु केवळ टीए ऐकून वैमानिकाने विमानाची दिशा वा उंची बदलायची नसते, तर आरए मिळाल्यावर त्याने सांगितल्याप्रमाणे विमान न नेणे हीच चूक ठरते.

टीकॅस आसपासच्या विमानांतील ट्रान्सपॉन्डरना, म्हणजे अशा संदेशांना आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणांना, सतत रेडिओ संदेश पाठवतो, त्यांच्या उत्तरांवरून अंतर आणि उंची ठरवतो आणि दोन विमाने एकमेकांच्या सर्वांत जवळ यायला किती सेकंद उरले आहेत याचा हिशेब मांडतो. 20 हजार फुटांच्या वर टीए साधारण 48 सेकंद आधी आणि आरए 35 सेकंद आधी मिळतो. विमान उतरत उतरत जमिनीपासून 1000 ते 2350 फुटांच्या पट्ट्यात आले की हेच आकडे 25 आणि 15 सेकंदांवर येतात, कारण विमानतळाजवळ वाहतूक मुळातच दाट असते आणि उंचावरचे निकष तेथे लावले तर इशाऱ्यांचा नुसता भडिमार होईल.

टीए मिळाला की पडद्यावर त्या विमानाचे चिन्ह पिवळसर वर्तुळाचे रूप घेते आणि ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असे शब्द ऐकू येतात. चिन्हाशेजारी +03 असे दिसले तर ते विमान आपल्यापेक्षा 300 फूट वर आहे, आणि सोबत खाली रोखलेला बाण असेल तर ते उतरते आहे. वैमानिकाने बाहेर नजर टाकून ते विमान शोधायचे आणि पाठोपाठ आरए येऊ शकतो, या तयारीत राहायचे, एवढेच. केवळ पडद्यावरच्या चित्रावर विसंबून वळण घ्यायला मनाई आहे आणि ती रास्तच म्हणावी लागेल, कारण टीकॅसला दुसऱ्या विमानाचे अंतर चांगले कळते, दिशा मात्र ढोबळच. शिवाय खिडकीतून दिसलेले विमान नेमके तेच असेल याची खात्री नसते, विशेषतः रात्री, जेव्हा विमानाचा दिवा शहराच्या दिव्यांत मिसळून जातो.

आरए हा हुकूम असतो. चिन्ह लाल चौकोन होते, ‘क्लाइंब, क्लाइंब’, ‘डिसेंड, डिसेंड’ किंवा ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ असे शब्द ऐकू येतात आणि चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या मापकावर लाल व हिरवे पट्टे उमटतात. बहुतेक विमानांत वैमानिक ऑटोपायलट बंद करतो आणि 5 सेकंदांच्या आत विमान हिरव्या पट्ट्यातल्या वेगावर आणू लागतो. एअरबसच्या काही नव्या विमानांत हे काम ऑटोपायलटच करतो. आरए फक्त वर-खाली जायला सांगतो, डावी-उजवीकडे कधीच वळवत नाही, त्याचे कारणही वर सांगितलेला दिशेचा ढोबळपणाच. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर यंत्रणा आपसांत ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. टीएच्या वेळी असा कोणताही समन्वय झालेला नसतो.

जमिनीवरून विमानांना उंची आणि मार्ग नेमून देणाऱ्या नियंत्रकाशी असलेले नातेही येथे बदलते. टीए मिळाला तरी नियंत्रकाने दिलेली उंची आणि मार्ग कायम राहतात. आरए मिळाला की वैमानिक ‘टीकॅस आरए’ एवढे कळवतो आणि धोका टळल्याचे त्याने सांगेपर्यंत नियंत्रक त्या विमानाचा मार्ग बदलू पाहत नाही. हा नियम नि:संदिग्ध व्हायला मोठी किंमत मोजावी लागली. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनजवळ नियंत्रकाने रशियन टुपोलेव्ह-154 ला खाली यायला सांगितले, तर त्यातील टीकॅस वर जायला सांगत होता. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. त्याचा मार्ग छेदत येणारे डीएचएल या मालवाहतूक कंपनीचे बोइंग 757 स्वतःच्या आरएप्रमाणे खालीच येत होते. 71 जण मृत्युमुखी पडले. भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली ती 12 नोव्हेंबर 1996 च्या चरखी दादरीच्या दुर्घटनेनंतर. दिल्लीला उतरायला येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन-76 ला 15 हजार फुटांवर थांबायचे होते. ते त्याखाली आले आणि 14 हजार फुटांपर्यंत चढण्याची परवानगी मिळालेल्या सौदी बोइंग 747 शी त्याची टक्कर झाली. 349 माणसे गेली.

मात्र धावपट्टी जवळ आली की ही हुकमी मदत संपते. जमिनीपासून सुमारे 1000 फुटांच्या खाली टीकॅस आरए देतच नाही, आणि ‘डिसेंड’ हा आरए तर त्याच्याही थोडा आधी बंद होतो, कारण इतक्या खाली विमानाला अचानक खाली दाबणे म्हणजे एका धोक्यातून सोडवून दुसऱ्या धोक्यात ढकलणे. त्या पट्ट्यात उरतो फक्त टीए, आणि सुमारे 500 फुटांखाली त्याचा आवाजही बंद होतो. सांताक्रूझच्या विमानतळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या जुहूहून हेलिकॉप्टरे उडतात. अशा जागी दोन्ही वाहतुकी एकमेकींपासून दूर ठेवण्याचे काम मूलतः नियंत्रकांचे असते, टीकॅसचे नव्हे.

29 जानेवारी 2025 च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणाऱ्या फ्लाइट 5342 च्या कॉकपिटमध्ये टक्कर होण्याआधी सुमारे 20 सेकंद ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू आले होते. त्यानंतर सुमारे 300 फुटांवर सैन्याच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरशी विमानाची टक्कर झाली आणि दोन्हींतील मिळून 67 जणांचा मृत्यू झाला. इशारा मिळूनही वैमानिकांनी काही का केले नाही, असा प्रश्न सहज पडतो. पण तो इशारा टीए होता, आणि विमान इतके खाली असल्यामुळे पाठोपाठ आरए येणे शक्यच नव्हते. विमान दिसत असल्याचे कळवून अंतर राखण्याची जबाबदारी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी स्वतःकडे घेतली होती, तर विमानाचे वैमानिक त्या वेळी धावपट्टी 33 साठी कमी उंचीवरचे डावे वळण पुरे करत होते.