दीर्घिकासमूहांचे विलीनीकरण : क्ष-किरण व रेडिओ निरीक्षणे

आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो ते हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या असल्या की त्यांना दीर्घिकासमूह म्हणतात. असे दोन समूह सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने एकमेकांत शिरतात, ते विलीनीकरण. महास्फोट वगळता एवढी ऊर्जा मोकळी करणारी घटना माहीत नाही. गंमत अशी की यात दीर्घिका सहसा एकमेकींवर आदळतच नाहीत. मधल्या प्रचंड अंतरांमुळे त्या आरपार निघून जातात. आदळतो तो वायू.

समूहाच्या वस्तुमानात ८० टक्क्यांहून अधिक वाटा कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा असतो. उरलेल्यात ताऱ्यांपेक्षा विरळ वायूच कितीतरी जास्त. त्याचे तापमान १ ते १० कोटी केल्विन असल्याने तो क्ष-किरण सोडतो. वातावरण हे किरण अडवते, म्हणून दुर्बिणी अवकाशात न्याव्या लागतात : १९७० चा उहुरू, १९९९ मधील चंद्रा व एक्सएमएम-न्यूटन, २०१५ चा भारतीय ॲस्ट्रोसॅट.

‘चंद्रा’ दुर्बिणीने टिपलेला बुलेट समूह हे सर्वांत गाजलेले उदाहरण. गंगापूर धरणात वेगाने निघालेल्या बोटीपुढे उठते तशी धनुष्याकृती आघातलाट त्यातील लहान समूहाच्या वायूपुढे दिसते. २००६ मध्ये गुरुत्वीय भिंगाच्या, म्हणजे वस्तुमानामुळे मागून येणारा प्रकाश वाकण्याच्या, साहाय्याने वस्तुमानाचा नकाशा काढला, तेव्हा वायू मागे अडकलेला आणि बहुतेक वस्तुमान दीर्घिकांबरोबर पुढे गेलेले आढळले. कृष्णद्रव्याचा इतका थेट पुरावा तोवर नव्हता.

टक्कर कुठे झाली ते क्ष-किरण सांगतात. तिने कणांचे काय केले, ते रेडिओ लहरींतून कळते. क्षीण चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन या लहरी सोडतात. समूहाच्या मध्यभागी पसरलेल्या उत्सर्जनाला रेडिओ प्रभामंडल म्हणतात, तर कडेच्या कमानींना रेडिओ अवशेष. अबेल ३३७६ या समूहाच्या दोन्ही बाजूंच्या कमानी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील जॉयदीप बागची व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. कमानींचे श्रेय आघातलाटांना दिले जाते. प्रभामंडलाचे कोडे अधिक अवघड आहे. अशा इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारण १० कोटी वर्षांत ओसरते आणि तेवढ्यात ते समूहभर पसरू शकत नाहीत. म्हणजे त्यांना जागच्या जागी पुन्हा वेग मिळायला हवा. तो विलीनीकरणाने वायूत माजलेल्या खळबळीतून मिळतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ऊर्जा ओसरत आलेले म्हातारे इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेलाच नीट दिसतात, आणि तिथे नाशिककरांच्या वाटेवरची दुर्बीण कामी येते. नाशिक-पुणे महामार्गावरील नारायणगावजवळ, खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. तिच्या पाहणीत, क्ष-किरणांत तेजस्वी दिसणाऱ्या बहुसंख्य समूहांमध्ये प्रभामंडल सापडले नाही. जिथे सापडले, ते समूह बहुधा विलीन होत असलेले निघाले. इतके मंद संकेत टिपायचे तर आसपास विद्युत गोंगाट नको. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा आराखडा याच कारणाने अडला. नाशिकच्या प्रवाशाला हे जाचक वाटणे स्वाभाविक आहे, पण तबकड्या उचलून दुसरीकडे नेणे रूळ वळवण्याइतके सोपे नाही.

समूहातली सगळीच रेडिओ सक्रियता टकरीतून येत नाही. मध्यवर्ती दीर्घिकेतील कृष्णविवराचे झोत वायूत पोकळ्या पाडतात. पर्सियस समूहात त्या स्पष्ट दिसतात. भुजंगधारी तारकासमूहातील ऑफियुकस समूहात ‘चंद्रा’ दुर्बिणीला एक वक्र कडा दिसली होती. ती पोकळीची कडा मानावी तर लागणारी ऊर्जा अवाच्या सवा ठरत होती, म्हणून २०१६ मध्ये तो विचार बाजूला पडला. २०२० मध्ये जीएमआरटी व ऑस्ट्रेलियातील एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांत कडेपलीकडची जागा रेडिओ उत्सर्जनाने भरलेली आढळली आणि पोकळी खरी ठरली. ती खोदणारे झोत मात्र आता बंद पडले आहेत.